फवारणीचं औषध अंगात नेमकं किती जातं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाबा यवतमाळ जिल्ह्यात सहा एकर कपाशी करतात आणि पंचवीस वर्षं स्वतःच फवारतात. ऑगस्ट-सप्टेंबरात फवारणीच्या रात्री त्यांचं डोकं धरतं, मळमळतं, सकाळी बरं वाटतं. ‘अंगवळणी पडलंय’ म्हणतात. आई ड्रमात पाणी भरून देते आणि फवारणीचे कपडेही तीच धुते. दोन हजार वस्तीच्या गावात पाच-सहा वर्षांत सहा जणांना कॅन्सर निघाला, आणि हे औषधामुळेच असं सगळे म्हणतात. विचारणारी त्यांची मुलगी पुण्यात बीएस्सी करते. यात खरं किती, रक्त तपासून काही कळतं का आणि बाबांना काय सांगायचं, हे तिला हवं आहे.

मी मेडिसिनचा डॉक्टर. विदर्भात सरकारी नोकरी केली आणि बरेच पावसाळे विषबाधेच्या रुग्णांमध्ये काढले. तेव्हा ताई, जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडे कीटकनाशकाला औषध म्हणतात. कृषी केंद्रात ‘औषध द्या’, शेतात ‘औषध मारलं’, आणि दवाखान्यात नातेवाईक खालच्या आवाजात ‘औषध घेतलं’ म्हणाले की पुढचं विचारावं लागत नाही. या एका शब्दामुळे एक घोटाळा होतो. औषध प्यायलं तर माणूस मरतो हे गावात लहान पोरालाही ठाऊक असतं, पण तेच औषध पाठीवरून ओघळलं तर ‘त्याला काय होतं’. बाटलीत किती, अंगावर किती आणि अंगात किती, हे तीन हिशोब वेगळे असतात. दुकानदार पहिल्याबद्दल बोलतो. तुमच्या बाबांची तब्येत तिसऱ्यावर ठरते.

बाटलीवर कोपऱ्यावर उभा असलेला चौकोन तुम्ही पाहिला असेल. वरच्या अर्ध्यात चिन्ह किंवा इशाऱ्याचा शब्द, खालच्या अर्ध्यात रंग. हे १९७१च्या कीटकनाशक नियमांतून आलं आहे. प्रयोगातल्या प्राण्यांना तोंडावाटे एकदाच मात्रा दिली, तर त्यातले निम्मे कितीला मरतात यावर रंग ठरतो. वजनाच्या किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्याच्या वर हिरवा. कातडीवर लावून काढलेले आकडे वेगळे असतात. रंगाचा उपयोग आहेच, लाल टाळता येत असेल तर टाळावा. पण महिनाभर दिवसाआड थोडं थोडं अंगात गेलं तर काय होईल, हे तो रंग सांगत नाही. दोन बाटल्या एकत्र ओतल्यावर काय होतं तेही सांगत नाही, आणि कॅन्सरबद्दल तर काहीच नाही. ‘निळ्या पट्टीचं आहे, साधं आहे’ असं म्हणून उघड्या पाठीने फवारलेले कितीतरी लोक मी तपासले आहेत.

आता एक हिशोब तुम्हीच करून बाबांना दाखवा. मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के म्हणजे एका मिलीमध्ये ३६० मिलिग्रॅम विष. लिटरला एक मिली या मापाने ते पाण्यात मिसळलं तर फवाऱ्याच्या एका मिलीत राहतं ०.३६ मिलिग्रॅम. म्हणजे झाकणाने माप घेताना मनगटावर एक मिली औषध सांडलं, की विषाच्या हिशोबाने एक लिटर फवारा अंगावर घेतल्यासारखं झालं. अंगावर लिटरभर फवारा ओतला तर कोणीही घाबरेल. मनगटावरचा थेंब मात्र पँटला पुसला जातो आणि काम पुढे चालू. हातमोजे दिवसभर घालवत नसतील तर निदान या दोन मिनिटांसाठी घालावेत, असं मी नेहमी सांगतो. घरात मापाचं काम कोण करतं, तेही विचारून बघा. पुष्कळ घरांत बाई पाणी आणते आणि औषध ओतून काडीने ढवळतेही तीच. मग यादीत ‘फवारणी करणारा’ म्हणून नवऱ्याचं नाव लागतं आणि घट्ट औषध मात्र बायकोच्या हाताला लागलेलं असतं.

कातडी सगळीकडे सारखी नसते, हे फार थोड्यांना माहीत आहे. १९६०-७०च्या दशकांत अमेरिकेत स्वयंसेवकांच्या शरीरावर वेगवेगळ्या जागी पॅराथिऑन हे कीटकनाशक लावून किती शोषलं जातं ते मोजलं होतं. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही. कोपराखालच्या हातातून साधारण ९ टक्के आत गेलं, तळहातातून १२, डोक्याच्या कातडीतून ३२, कपाळातून ३६, काखेतून ६४ आणि अंडकोषाच्या कातडीतून जवळपास सगळंच. प्रत्येक रसायनाचे आकडे बदलतील, पण जागांचा चढता क्रम लक्षात ठेवा. आता बाबांचा पंप आठवा. झाकणाचं वायसर गेलेलं. वाकलं की पाठीवर धार येते, बनियन भिजते, धार कंबरपट्ट्यात मुरते आणि तिथून खाली जांघेत. ओली चड्डी संध्याकाळपर्यंत अंगावरच. अख्ख्या शरीरात विष सगळ्यात सहज ज्या जागी शिरतं, तिथेच त्याची पोटीस बांधून माणूस सहा तास चालतो. वायसर किती रुपयांना येतं ते तुम्हाला माहीत आहे.

याच जागेवरून एक जुनी गोष्ट आठवते. १७७५ साली लंडनच्या पर्सिव्हल पॉट या सर्जनने लिहून ठेवलं की धुराडी साफ करणाऱ्यांना अंडकोषाच्या कातडीचा कॅन्सर होतो, कारण काजळी तिथल्या सुरकुत्यांत साचून राहते. धंद्यातून होणाऱ्या कॅन्सरची ही पहिली ठळक नोंद. काजळीतलं कोणतं रसायन ते करतं हे कळायला १९३०चं दशक उजाडलं. पण युरोपात इतरत्र अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून काम करणाऱ्या आणि रोज अंग धुणाऱ्या कामगारांना तो रोग क्वचितच होतो, हे १८९२ मध्येच दाखवून झालं होतं. रसायनाचं नाव कळायच्या चाळीस वर्षं आधी साबण-पाण्याने काम करून दाखवलं होतं.

तुमच्याच जिल्ह्यातलं २०१७चं वर्ष तुम्हाला आठवत असेल. जुलै ते ऑक्टोबरदरम्यान यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेने शेकडो लोक रुग्णालयात आले आणि वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. यात पिऊन आलेले बहुतेक नव्हते, काम करताना बाधलेले होते. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, माणसाच्या उंचीला गेली होती, काही ठिकाणी डोक्याच्याही वर. खाली बघून फवारण्याऐवजी लोक वर नळी करून फवारत होते आणि तुषार स्वतःच्याच तोंडावर घेत होते. बोंडअळीच्या धास्तीने फेऱ्या वाढल्या, एका टाकीत दोन-तीन औषधं पडली आणि बारीक तुषार उडवणारे यंत्राचे पंप आले. तुषार जितका बारीक तितका तो हवेत जास्त तरंगतो आणि फुप्फुसात खोल जातो. त्यात दमट उकाडा. घामाने ओली, तापलेली कातडी औषध जास्त ओढते. तेव्हा बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला एकच नाव हवं होतं, कोणत्या औषधाने मेले? नाव महत्त्वाचं आहे, पण तेच औषध गुडघ्याएवढ्या पिकात, सकाळच्या गार हवेत, न गळणाऱ्या पंपाने मारलं असतं तर एवढी माणसं आली नसती असं माझं मत आहे. अंगात गेलेली मात्रा वाढवणाऱ्या सगळ्या गोष्टी त्या पावसाळ्यात एकाच वेळी जुळून आल्या.

दोन औषधं मिसळण्याबद्दल इथेच सांगतो, कारण ‘मिक्स मारलं की रिझल्ट चांगला’ यात तथ्य आहे आणि धोकाही त्यातच आहे. सायपरमेथ्रिनसारख्या औषधाचे तुकडे करून ते निकामी करणारी एन्झाइम किडीच्या शरीरात असतात. प्रोफेनोफॉससारखं ऑर्गनोफॉस्फेट (मोनोक्रोटोफॉसही याच गटातलं) नेमकी तीच एन्झाइम बंद पाडतं, म्हणून अळी लवकर मरते. पण तशीच एन्झाइम आपल्या यकृतातही असतात. त्यातून घरी केलेल्या मिश्रणाला ना रंगाची पट्टी, ना लेबल. रुग्ण आला की डॉक्टरलाही नक्की काय गेलंय ते कळत नाही.

ऑर्गनोफॉस्फेट अंगात गेल्यावर काय करतं ते समजलं की बाबांच्या ‘अंगवळणी’चं उत्तर मिळेल. मेंदूकडून आलेला निरोप नस स्नायूला किंवा ग्रंथीला देते तो ॲसिटिलकोलिन नावाच्या रसायनाच्या रूपात. निरोप पोचला की कोलिनएस्टरेज हे एन्झाइम ते रसायन लगेच पुसून टाकतं. ऑर्गनोफॉस्फेट हा पुसणाराच पकडून ठेवतं. मग नळ बंद होत नाही. लाळ, घाम, डोळ्याचं पाणी, नाक, जुलाब, छातीत कफ, सगळं एकदम वाहू लागतं. डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीच्या दाण्याएवढ्या होतात. कातडीखालचं मांस फडफडतं, पोटरीवर हात ठेवला तर तळव्याला जाणवतं. काही तासांनी ही पकड पक्की होत जाते, म्हणून ‘सकाळी बघू’ म्हणून थांबायचं नसतं.

आता ऐका. पकडलं गेलेलं एन्झाइम एका रात्रीत भरून येत नाही. लाल पेशींमधलं एन्झाइम नव्या पेशी येतील तसं भरतं, आणि पेशीचं आयुष्य आहे सुमारे १२० दिवस, म्हणजे दिवसाला अंदाजे एक टक्का. आठ-दहा दिवसांनी पुढची फवारणी आली तर मागचा खड्डा बुजायच्या आत नवा पडतो. जूनमध्ये भरलेली एन्झाइमची टाकी सप्टेंबरपर्यंत अर्ध्यावर येऊ शकते, आणि माणसाला फारसं काही वाटतही नाही, कारण हळूहळू कमी झालं तर शरीर काही प्रमाणात जुळवून घेतं. याच जुळवून घेण्याला बाबा अंगवळणी पडणं म्हणतात. पण टाकी तळाला आलेली असताना एखाद्या दिवशी वारा फिरला, पंप फुटला, तर जूनमध्ये जेवढ्याने नुसतं डोकं दुखलं असतं तेवढ्यानेच सप्टेंबरात माणूस आडवा होतो. ‘इतकी वर्षं काही झालं नाही, आजच कसं झालं’ हे वाक्य मी अपघात विभागात अनेकदा ऐकलंय.

सकाळी बरं वाटतं ते कदाचित दुसऱ्याच कारणाने. पाण्यात टाकलं की दुधासारखी पांढरी होणारी औषधं पेट्रोलियमच्या जातीच्या द्रावकात विरघळवलेली असतात. डोकं धरणं आणि मळमळ यात त्या द्रावकाचाही वाटा असतो आणि तो लवकर उतरतो. वास आणि डोकेदुखी गेली म्हणजे एन्झाइम भरलं असं समजू नका.

रक्त तपासून कळतं का? कळतं, पण तपासणी केव्हा केली त्यावर सगळं आहे. आपल्याकडच्या लॅबमध्ये सहसा सीरम कोलिनएस्टरेज करतात. त्याची ‘नॉर्मल’ची पट्टी फार रुंद असते, पद्धतीप्रमाणे बदलते, पण पाच हजारांपासून बारा हजारांपर्यंत काहीही नॉर्मल लिहून येतं. समजा बाबांचं स्वतःचं मूळ मूल्य १०,००० आहे आणि सप्टेंबरात ते ५,५०० निघालं. रिपोर्टवर नॉर्मल, डॉक्टर म्हणणार ठीक आहे. पण हा माणूस मूळच्या ५५ टक्क्यांवर आलेला आहे. कॅलिफोर्नियात १९७४पासून फवारणी कामगारांसाठी नियम आहे. हंगामाआधी प्रत्येकाचं मूळ मूल्य काढतात. ते ८० टक्क्यांच्या खाली आलं तर कामाची पद्धत तपासतात. सीरमचं ६० टक्क्यांवर किंवा लाल पेशींमधलं ७० टक्क्यांवर आलं तर त्या कामावरून काढतात, आणि पुन्हा ८०च्या वर गेल्याशिवाय घेत नाहीत. तिथल्या नियमाप्रमाणे बाबांना आज पंप हातात घेता आला नसता. म्हणून तपासणी मे महिन्यात करा, फवारणी सुरू व्हायच्या आधी, आणि तो कागद जपून ठेवा. नंतरचा प्रत्येक रिपोर्ट त्याच्याशी ताडायचा, छापील पट्टीशी नाही, आणि शक्यतो लॅब तीच. यकृताचा आजार, कुपोषण, गरोदरपण यांतही हा आकडा उतरतो, हे सांगून ठेवतो.

सगळी औषधं या तपासणीत पकडली जात नाहीत. कपाशीवर मारतात त्या डायफेन्थियुरॉनचा कोलिनएस्टरेजशी संबंध नाही, त्यावर खास उताराही नाही. रुग्णाला मळमळ, चक्कर, धूसर दिसणं असतं, पण लाळ-घामाचा पूर नसतो. कीटकनाशक म्हटलं की हात ॲट्रोपिनकडे, म्हणजे ऑर्गनोफॉस्फेटवरच्या उताऱ्याकडे, जाण्याची सवय आम्हा डॉक्टरांना लागलेली आहे. उगाच दिलेल्या ॲट्रोपिनने रुग्ण बडबडायला लागतो, ताप चढतो आणि मग ते विषाचंच लक्षण वाटतं. म्हणून दवाखान्यात जाताना बाटली, निदान तिचं लेबल सोबत न्या. मोबाईलवर काढलेला फोटोही चालतो.

ऊन लागणं आणि बाधा होणं यात बाहेरून फरक पटकन कळत नाही आणि तिथेच वेळ जातो. ओळखायची एक ढोबळ खूण सांगतो. उन्हाने आलेल्याचं तोंड कोरडं पडतं, तो पाणी मागतो. ऑर्गनोफॉस्फेटने बाधलेला थुंकत राहतो, त्याला लाळ आवरत नाही. टॉर्च न मारताच त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसतात. अशा वेळी आधी कपडे काढायचे, सगळे, लाज न धरता. मग साबण आणि भरपूर पाणी. केस, काखा, जांघा, नखं. धुणाऱ्याने हातात प्लास्टिकची पिशवी घालावी. दूध-तूप पाजू नये, मिठाच्या पाण्याने उलटी काढू नये, शुद्ध हरपत असेल तर डाव्या कुशीवर निजवावं आणि १०८ला फोन करावा. हे धुणं वाटेत किंवा शेतातच झालेलं असेल तर निम्मं काम झालं. कपडे न बदलता आलेल्या माणसाला सलाईन लावायचं म्हणजे वरून विष चालूच ठेवायचं आणि खालून उतारा द्यायचा.

बरं वाटल्यावरचे चार दिवसही धोक्याचे असतात. मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. एका छोट्या रुग्णालयातून दुसऱ्या दिवशी घरी सोडलेला एक सालदार तिसऱ्या दिवशी आमच्याकडे आला. लाळ नाही, घाम नाही, बाहुल्या ठीक. बायको म्हणाली, ‘उशीवरून मान उचलत नाही जी हा.’ मी म्हणालो, अशक्तपणा असेल. सिनियर सिस्टरांनी त्याला एका श्वासात आकडे मोजायला लावले. सातच्या पुढे तो जाईना. रात्री व्हेंटिलेटर लागला, अठरा दिवसांनी चालत घरी गेला. पहिल्या झटक्यानंतर एक ते चार दिवसांत मानेचे, दंडाचे आणि श्वासाचे स्नायू असे ढिले पडू शकतात. तेव्हापासून प्रत्येक राउंडला मी ‘मान उचला’ म्हणतो. घरी तुम्हीही म्हणू शकता.

आता कॅन्सर. इथे मला गावाशी थोडं भांडावं लागणार आहे.

सहा रुग्ण जास्त की कमी, हे सहाकडे बघून कळत नाही. खाली भाजक हवा. राष्ट्रीय कर्करोग नोंदणीच्या अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये भारतात लाखामागे साधारण १०० नवे रुग्ण निघाले; आयुष्यभराचा हिशोब केला तर नऊ माणसांत एक. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते, तिथलं प्रमाण शहरांपेक्षा बरंच कमी आहे. देशाच्या सरासरीने दोन हजार वस्तीत वर्षाला दोन, पाच वर्षांत दहा. ग्रामीण भाग म्हणून निम्मे धरले तरी पाच. तुमच्या गावात सहा आहेत. एकट्या एका गावाच्या आकड्यात एवढा चढउतार योगायोगानेही होतो. एखाद्याने भिंतीवर डोळे मिटून खडे मारावेत आणि जिथे चार जवळ पडले तिथे खडूने गोल काढून ‘बघा माझा नेम’ म्हणावं, तसं आपण करतो. ज्या गावांत एकही रुग्ण निघाला नाही, तिथल्या पोरी मला पत्र लिहीत नाहीत.

दुसरा प्रश्न, कोणता कॅन्सर? तुम्ही लिहिलंय की तिघांना तोंडाचा, एका बाईला स्तनाचा, एकीला गर्भाशयमुखाचा आणि एकाला जठराचा. एकाच कारणाने घडलेल्या साथीत सहसा एकाच जातीचा रोग दिसतो, पॉटच्या धुराडेवाल्यांसारखा. इथे चार वेगळ्या जागा, चार वेगळ्या वाटा. गर्भाशयमुखाचा कॅन्सर बहुतेक वेळा विषाणूमुळे होतो. तोंडाचे तीन मात्र माझ्या नजरेत भरले, आणि ते तिघं खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खात होते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मी सांगतो, खात असतील.

इथे फसगत कशी होते बघा. फवारतात पुरुष, खर्रा खातात पुरुष, आणि फवारणारे तर जास्तच, कारण वासाने तोंड कडू पडतं. म्हणून फवारणाऱ्यांमध्ये तोंडाचा कॅन्सर जास्त दिसला तर फवारणी दोषी वाटणार. खरं-खोटं करायचं तर न खाणारे फवारणारे आणि न खाणारे न फवारणारे असे गट समोरासमोर ठेवावे लागतात. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायनात १९९३ पासून सुमारे ८९ हजार शेतकरी, फवारणी कामगार आणि त्यांच्या जोडीदारांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं जातंय. फवारणाऱ्यांमध्ये एकूण कॅन्सर आम लोकांपेक्षा थोडा कमीच निघाला, कारण ते सिगारेट कमी ओढतात. पण प्रोस्टेटसारखे काही कॅन्सर जास्त निघाले, आणि काही ठरावीक औषधांचे काही ठरावीक कॅन्सरशी धागे सापडले. म्हणजे ‘काही होत नाही’ हेही खोटं आणि ‘सगळं त्यानेच होतं’ हेही खोटं. शिवाय तिथला शेतकरी बऱ्याचदा ट्रॅक्टरच्या बंद केबिनमध्ये असतो. त्याची मात्रा तुमच्या बाबांना लावू नका.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये मॅलॅथिऑन, डायझिनॉन आणि ग्लायफोसेट यांना ‘बहुधा कॅन्सरकारक’ म्हटलं. चघळायचा तंबाखू आणि सुपारी दोन्ही त्याच्या वरच्या, पहिल्या गटात आहेत. गट म्हणजे पुरावा किती पक्का याची प्रतवारी असते, एका चिमटीने धोका किती वाढतो याची नव्हे. तरीही खर्ऱ्याच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी निकाल वाईटच आहे. आणि खर्रा फवारणीच्या दिवशी दुहेरी काम करतो. औषधाच्या हाताने पन्नी सोडायची, चिमूट तोंडात टाकायची, तळहातावरचं सगळं थेट हिरडीला.

विहिरीच्या पाण्याबद्दल ओझरतं विचारलंय. कीटकनाशकाची तपासणी महाग असते आणि नेमकं काय शोधायचं ते माहीत नसेल तर हाती काही लागत नाही. तुमच्या भागात आधी फ्लोराइड आणि नायट्रेट तपासून घ्या, दोन्ही स्वस्त आहेत. फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत, नायट्रेट ४५ पर्यंत. पंप विहिरीच्या काठावर धुणं मात्र आजच थांबवा. रिकामा डबा ठोकून भोकं पाडून टाका, तेल-पाण्याला कधीही नाही. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं जेवण जेवून २३ मुलं गेली, त्या तेलात मोनोक्रोटोफॉस निघालं होतं. बांधावरच्या वांग्या-टोमॅटोवर कपाशीचा फवारा उडतो, ती भाजी आठ-दहा दिवस तोडू नये.

बाबांना काय सांगायचं? सगळं एकदम सांगाल तर ते काहीच करणार नाहीत. रेनकोटसारखा पोशाख आपल्या ऑक्टोबरात कोणी घालत नाही, मीही घालणार नाही. माझा क्रम असा आहे. आधी पंपाचं वायसर बदला आणि पाठीवर पंपाखाली युरियाच्या पोत्याच्या आतलं प्लास्टिक बांधा. माप घेताना हातमोजे. नोझल अडकलं तर तोंडाने फुंकायचं नाही, खिशात जुना टूथब्रश ठेवायचा. वारा पाठीवर ठेवून चालायचं, उंच पिकात वर तोंड करून मारायचं नाही. तोंडाला दुपट्टा बांधतात तो ओला झाला की विष नाकाशी धरून ठेवतो, त्यापेक्षा बांधू नये. बांधलाच तर दर टाकीला बदलावा. घरी आल्यावर चहाच्या आधी आंघोळ, साबणाने, जांघेपासून सुरुवात. कपडे वेगळ्या बादलीत, आईने हातमोजे घालून धुवायचे, घरच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत.

आणि बाबाही खर्रा खात असतील, तर या रविवारी घरी जाल तेव्हा त्यांना तोंड उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत घालायला सांगा; खर्ऱ्याने तोंड आखडत चाललंय का, ते त्यात कळतं. जात असतील तर खर्ऱ्यावरून भांडायला अजून वेळ आहे. दोनच जात असतील, किंवा तिखट जेवण आताशा झोंबतं म्हणत असतील, तर कोलिनएस्टरेजची तपासणी मे महिन्यात होईलच. सोमवारी आधी दातांच्या डॉक्टरकडे न्या.